एक्सेल मॅक्रो : दोन रेंज युनियनने जोडल्या, पण बेरीज सकाळच्या दुधाच्या बरोब्बर दुप्पट येते

सायीचा_थर :

नमस्कार मंडळी,

गावातल्या दूध संस्थेचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. काका सचिव आहेत, त्यामुळे "तू कॉम्प्युटर शिकलायस ना" एवढ्यावर प्रकरण गळ्यात पडलं. संकलनाच्या मशीनमधून रोज फाइल निघते, पण दहा दिवसांचं बिल काढण्याआधी तपासणी, खुणा, गैरहजर सभासद बाजूला काढणं हे सगळं हाताने चालतं. ते मॅक्रोने (एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा कोड) करायचं ठरवलं.

शीटची मांडणी अशी : ओळ ५ ते ३०४ सभासद. ए मध्ये क्रमांक, बी नाव, सी मध्ये गाय की म्हैस. डी सकाळचे लिटर, ई फॅट, एफ एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), जी दर, एच रक्कम. पुढे आय पासून एम पर्यंत संध्याकाळचं तसंच. ओळ ३०५ मध्ये एकूण.

मला सकाळ आणि संध्याकाळचे लिटर एकाच व्हेरिएबलमध्ये हवेत, म्हणजे पुढचं काम एकदाच लिहावं लागेल. म्हणून हे लिहिलं (मोबाइलवरून टाइप करतोय, सगळं मराठी कीबोर्डवर, सांभाळून घ्या; फॉर नंतरचा आय हा मोजणीचा आकडा, आय स्तंभ नव्हे) :

सेट दूध = युनियन(रेंज("डी५:डी३०४"), रेंज("आय५:आय३०४"))
फॉर आय = १ टू दूध.काउंट
बेरीज = बेरीज + दूध.सेल्स(आय).व्हॅल्यू
नेक्स्ट

शीटवर सकाळचे १४८२.५ लिटर, संध्याकाळचे १२४८.५, एकूण २७३१. मॅक्रो सांगतो २९६५. एरर काही नाही. दूध.काउंट विचारलं तर ६०० येतं, म्हणजे रेंज जोडली गेली आहे. गंमत म्हणजे कॉलेजात असताना मार्कांच्या शीटवर जवळजवळ हाच कोड चालवला होता, तेव्हा एकदाही चुकला नाही.

कुणाला काही सुचतंय का?

---

चहा_हवा :

२९६५ भागिले २ = १४८२.५. दूधवाल्याने पाणी नाही, सकाळच घातली दोनदा. :)

---

सायीचा_थर :

@चहा_हवा, तेच तर! शीर्षकात म्हणूनच दुप्पट लिहिलंय. पण दोनदा येतं कुठून? कोडमध्ये सकाळ एकदाच आहे.

---

रोजकीर्द :

माझं स्पष्ट मत, डी३०५ अधिक आय३०५ असं एका सेलमध्ये लिहा आणि मोकळे व्हा. बेरजेला मॅक्रो कशाला लागतो? मी तीस वर्षं पतसंस्थांच्या वह्या तपासल्या. जे सूत्राने होतं ते सूत्रानेच करावं, निदान पुढच्या माणसाला सेलवर क्लिक केल्यावर दिसतं तरी काय चाललंय ते.

---

एफ८_एफ८ :

रोजकीर्द काकांचा मुद्दा बेरजेपुरता बरोबर आहे. पण ही चूक बेरजेपुरती थांबणारी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

@सायीचा_थर, एडिटरमध्ये कंट्रोल जी दाबा, खाली इमिजिएट विंडो उघडेल. मॅक्रो नेक्स्टच्या पुढे थांबवून ठेवा आणि तिथे प्रश्नचिन्ह लावून एकेक विचारा :

? दूध.काउंट
? दूध.रोज.काउंट
? दूध.एरियाज.काउंट
? दूध.सेल्स(३००).ॲड्रेस
? दूध.सेल्स(३०१).ॲड्रेस

काय उत्तरं येतात ती इथे टाका. मला माहीत आहेत, पण तुम्ही स्वतः बघितलीत तर पुन्हा कधी विसरणार नाही.

---

सायीचा_थर :

६००
३००
२
डॉलर डी डॉलर ३०४
डॉलर डी डॉलर ३०५

अरेच्चा. ३०१ वा सेल आय५ असायला हवा ना? हा तर एकूण ची ओळ आहे!

---

एफ८_एफ८ :

बरोबर, तिथेच सगळं आहे. युनियनने तुम्हाला एक रेंज दिली, पण तिच्या पोटात दोन तुकडे आहेत. एक्सेलच्या भाषेत एरिया. काउंट दोन्ही तुकड्यांचे सेल मोजतो, म्हणून ६००. पण सेल्स(आय) हा नेहमी पहिल्या तुकड्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतो आणि पहिला तुकडा संपला तरी थांबत नाही, त्याच स्तंभात खाली चालत राहतो. म्हणजे तुमचं लूप डी५ पासून डी६०४ पर्यंत गेलं. डी३०४ पर्यंत सकाळचं दूध १४८२.५, मग डी३०५ मध्ये त्याच दुधाची एकूण बेरीज पुन्हा १४८२.५, आणि त्याखालचे रिकामे सेल शून्य. झाले २९६५. आय स्तंभाला तुमच्या कोडने हातही लावलेला नाही.

एरर न येणं हेच यातलं वाईट. एकूणच्या खाली डी स्तंभात "सचिव" असं सहीसाठी लिहिलेलं असतं तर एरर १३ येऊन लगेच कळलं असतं.

एकत्र कुटुंबात दारावर पाटी थोरल्या भावाची असते ना, तसं आहे हे. घरात माणसं किती विचारलं तर सगळ्यांची मोजून सांगतात, पण खोल्या किती विचारलं की थोरला आपल्याच सांगतो. रोज.काउंट, कॉलम्स.काउंट, व्हॅल्यू, सेल्स(आय) या चारही प्रश्नांना पहिला तुकडाच उत्तर देतो.

कॉलेजातला कोड का चालला? तिथे दोन विषयांचे स्तंभ शेजारी शेजारी असणार. डी आणि ई सारखे सलग स्तंभ जोडले तर युनियन त्यांचा एकच चौकोन करून देतो, एरिया एकच राहतो आणि सेल्स(आय) डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत असा बरोबर फिरतो. इथे मध्ये फॅट, एसएनएफ, दर, रक्कम आले आणि तुकडे सुटे पडले.

उपाय साधा आहे. क्रमांकाने फिरू नका :

फॉर ईच से इन दूध.सेल्स
बेरीज = बेरीज + से.व्हॅल्यू
नेक्स्ट

फॉर ईच मात्र सगळे तुकडे ओळीने फिरतो. किंवा तुकड्यातुकड्याने काम असेल तर फॉर ईच तुकडा इन दूध.एरियाज.

---

सायीचा_थर :

२७३१ आलं! मनापासून आभार. मग मी आधी वर्कशीटफंक्शन.सम(दूध) करून बघितलं होतं तेव्हा २७३१ च आलं होतं, ते कसं? त्यामुळेच जास्त गोंधळलो.

---

एफ८_एफ८ :

कारण सम या फंक्शनला सुटे तुकडे चालतात. शीटवरही तुम्ही सम मध्ये स्वल्पविराम देऊन दोन रेंज टाकताच. मॅक्स, मिन, ॲव्हरेज यांनाही चालतात. काउंटइफ आणि समइफ ला चालत नाहीत, तिथे जोडलेली रेंज दिली की एरर १००४. त्यांना प्रत्येक एरिया वेगवेगळा द्या आणि उत्तरं मिळवा.

वाचणं आणि लिहिणं यात आणखी एक फरक आहे, तो ध्यानात ठेवा. दूध.व्हॅल्यू = ० असं लिहिलंत तर दोन्ही तुकड्यांत शून्य जाईल. क्लिअरकंटेंट्स, रंग, फॉण्ट, नंबरफॉरमॅट हेही दोन्हीकडे लागू. पण उलट, म = दूध.व्हॅल्यू असं करून ॲरे (मेमरीतली आकड्यांची यादी) भरलात तर त्यात फक्त सकाळचे ३०० आकडे येतील. म्हणजे लिहिताना दोन्ही, वाचताना पहिलाच. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.

---

निशिगंध :

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

माझा एक उपप्रश्न. युनियन लिहायचंच कशाला? मी सरळ रेंज("डी५", "आय३०४") लिहिते, चालतं.

---

एफ८_एफ८ :

@निशिगंध, थांबा, ते वेगळं आहे आणि धोक्याचं आहे!

रेंजला दोन वेगळे पत्ते दिले, म्हणजे दोन अवतरणांत, तर एक्सेल त्यांना समोरासमोरचे कोपरे समजतो आणि मधला अख्खा चौकोन उचलतो. तुमच्या ओळीत डी पासून आय पर्यंत सगळं आलं, त्यात जी आणि एच मधली दराची, रकमेची सूत्रंसुद्धा. त्यावर क्लिअरकंटेंट्स चालवलंत तर सूत्रं गेली. आणि मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की कंट्रोल झेड ची यादी रिकामी होते, परतीची वाट नाही.

एकाच अवतरणात मध्ये स्वल्पविराम दिला, रेंज("डी५:डी३०४,आय५:आय३०४"), तर ते युनियनसारखं दोन सुटे तुकडे देतं. अवतरण चिन्हांची जागा बदलली की अर्थ बदलतो. डोळ्यांना पटकन दिसत नाही, म्हणून मी कोडमध्ये युनियन असा शब्दच लिहितो. वाचणाऱ्याला हेतू कळतो.

एका अवतरणातल्या पत्त्याला २५५ अक्षरांची मर्यादाही आहे. पाच-सात तुकड्यांपर्यंत ठीक, लूपमध्ये पत्ते चिकटवत गेलात तर कधीतरी १००४ येऊन आपटाल.

---

निशिगंध :

बापरे. माझ्या निकालपत्रकात मधल्या स्तंभांत सूत्रं नाहीत म्हणून वाचले म्हणायचं. आजच बदलते.

---

सायीचा_थर :

पुढचा टप्पा. गायीच्या दुधाला फॅट ३.५ च्या खाली किंवा एसएनएफ ८.५ च्या खाली असेल तर तो सेल पिवळा करायचा आहे. सगळे कमी प्रतीचे सेल गोळा करून शेवटी एकदाच रंगवावेत असा विचार. लूपमध्ये सेट खुणा = युनियन(खुणा, से) लिहिलं तर पहिल्याच फेरीत एरर ५ येते.

---

चहा_हवा :

खुणा मध्ये सुरुवातीला काहीच नसतं ना. नथिंग ला कशाशी जोडणार?

---

एफ८_एफ८ :

चहा_हवा बरोबर. युनियनला नथिंग चालत नाही. आधी विचारून मग जोडायचं :

इफ खुणा इज नथिंग देन
सेट खुणा = से
एल्स
सेट खुणा = युनियन(खुणा, से)
एंड इफ

आणि लूप संपल्यावर रंगवण्याआधी पुन्हा एकदा इफ नॉट खुणा इज नथिंग. एखाद्या दिवशी सगळ्यांचं दूध उत्तम निघालं तर खुणा रिकामीच राहील आणि रंगवायला गेलात की एरर ९१. सेट शब्द विसरलात तरी बहुधा हीच ९१ भेटते, तेव्हा आधी तो बघा.

अजून एक. जो सभासद आला नाही त्याचा फॅटचा सेल रिकामा असेल. व्हीबीए (मॅक्रोची भाषा) रिकाम्या सेलला तुलनेत शून्य धरतो, म्हणजे तो ३.५ पेक्षा कमी, म्हणजे पिवळा. आधी इझएम्प्टी तपासा. आणि सी स्तंभ बघायला विसरू नका, म्हशीला ३.५ लावून काय उपयोग, तिथे ६.० आणि ९.० लागेल.

---

रोजकीर्द :

कंडिशनल फॉरमॅटिंग नावाची गोष्ट आहे हो एक्सेलमध्ये. फॅट बदलला की रंग आपोआप बदलतो. मॅक्रोने फासलेला पिवळा रंग आकडा दुरुस्त केला तरी तसाच राहतो. उद्या एखादा शेतकरी विचारील, माझं दूध चांगलं असून पिवळं का, तर काय सांगाल?

---

सायीचा_थर :

रोजकीर्द काका, हे एकदम पटलं. रंगासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगच करतो.

पण गैरहजरांचं काय? दोन्ही वेळा दूध नाही अशा सभासदांच्या ओळी बिलाच्या प्रतीतून काढायच्या आहेत. मूळ फाइल वेगळी राहणार, ही फक्त प्रत. मी डी आणि आय दोन्ही रिकामे असतील तर दोन्ही सेल युनियनमध्ये घेतले, मग शेवटी एंटायररो.डिलीट. एरर १००४, ओव्हरलॅपिंग सिलेक्शन्स वर ही कमांड चालत नाही म्हणे. ओव्हरलॅप कुठाय? डी आणि आय मध्ये चार स्तंभांचं अंतर आहे.

---

एफ८_एफ८ :

सेलमध्ये अंतर आहे, ओळीत नाही. डी१७ ची पूर्ण ओळ म्हणजे ओळ १७. आय१७ ची पूर्ण ओळ, तीही १७. एंटायररो लावल्यावर तीच ओळ दोन तुकड्यांत दोनदा आली, आणि एक ओळ दोनदा पुसायला एक्सेल तयार नाही.

गोळा करताना एकाच स्तंभातला सेल घ्या. तपासणी डी आणि आय ची, पण खुणा मध्ये घालायचा फक्त ए स्तंभातला सेल. मग कितीही ओळी असोत, ओव्हरलॅप होणार नाही.

आणि ओळी गोळा करून एकदम काढताय हे उत्तम करताय. लूपमध्ये वरून खाली जात एकेक ओळ काढली की खालची ओळ वर सरकते आणि लूप तिच्यावरून उडी मारून पुढे जातं. लागोपाठ दोन गैरहजर आले की दुसरा हमखास राहतो. तसं काढायचंच असेल तर खालून वर, स्टेप उणे १ ने.

---

मांडवी_काठ :

माझ्याकडे पणजीला ऑफिसात लिबरऑफिस कॅल्क आहे, म्हणून भर घालतो. तिथे सूत्रात दोन रेंज जोडायचं चिन्ह टिल्ड आहे, ती नागमोडी रेघ. बेसिकमध्ये शीटसेलरेंजेस नावाचं ऑब्जेक्ट तयार करून त्यात ॲडरेंजॲड्रेस ने एकेक पत्ता घालत जायचं. शेवटी ट्रू दिलं की एकमेकांत जाणाऱ्या रेंज तो एकत्र करतो. वरती ऑप्शन व्हीबीएसपोर्ट १ लिहिलं तर एक्सेलचा बराच कोड तसाच पळतो, पण मी दर वेळी तपासूनच घेतो.

---

डब्लिनकर :

गूगल शीट्सवाल्यांसाठी : ॲप्स स्क्रिप्टमध्ये गेटरेंजलिस्ट आहे, त्याला पत्त्यांची यादी द्यायची. रंग, पुसणं, एकच किंमत भरणं हे सगळ्या तुकड्यांना एका फटक्यात होतं. पण सगळे आकडे एकदम वाचायची सोय त्या यादीला नाही, प्रत्येक रेंजचं गेटव्हॅल्यूज वेगळं घ्यायचं. मला हे एक्सेलपेक्षा प्रामाणिक वाटतं. नाही म्हणजे नाही, अर्धवट उत्तर देत नाही.

---

एफ८_एफ८ :

@डब्लिनकर, +१. याच्याशी वाद नाही.

एकमेकांवर चढणाऱ्या रेंजवरून आठवलं. एक्सेलमध्ये रेंज("ए१:बी२,बी२:सी३").काउंट विचारा, ८ येईल. प्रत्यक्षात सेल ७ च आहेत, बी२ दोनदा मोजला. शीटवर सम(ए१:बी२,बी२:सी३) लिहिलं तरी बी२ दोनदाच धरला जातो. दुधाच्या हिशोबात हे महागात पडेल. रेंज एकमेकांत घुसायची शक्यता असेल तर जोडण्याआधी इंटरसेक्ट ने (दोन रेंजमधला सामाईक भाग देतो) बघा. इंटरसेक्ट नथिंग आला तरच बिनधास्त जोडा.

---

सायीचा_थर :

ए स्तंभाची युक्ती चालली, ओळी गेल्या.

आता शेवटचं, आणि यात मी पूर्ण अडकलोय. बिल दहा दिवसांचं. म्हणजे दहा शीट्स, प्रत्येक दिवसाची एक. दहाही शीट्सचे लिटरचे स्तंभ एका युनियनमध्ये घ्यायला गेलो तर १००४. शिवाय शीटची नावं मराठीत आहेत, पहिला दिवस, दुसरा दिवस अशी, तर एडिटरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.

---

एफ८_एफ८ :

पहिल्याचं उत्तर, एक रेंज एकाच शीटवर राहू शकते. वेगवेगळ्या शीट्सच्या रेंज युनियन होत नाहीत, कुठल्याही आवृत्तीत. तिथे रेंज जोडायचा नाद सोडा आणि आकडे जोडा : शीट्सवर लूप, प्रत्येक शीटचे डी आणि आय वेगवेगळे ॲरेत वाचा, सभासद क्रमांकाप्रमाणे बेरीज करत जा. एका शीटचा एक स्तंभ ॲरेत घेणं ही एकच ओळ आहे.

दुसऱ्याचं असं की व्हीबीए चा एडिटर युनिकोड जाणत नाही, तो विंडोजच्या जुन्या कोडपेजवर चालतो आणि देवनागरीला तसं कोडपेजच नाही. त्यामुळे अवतरणात मराठी लिहिलं की प्रश्नचिन्हं. शीटचं नाव मराठीच ठेवा, सेलमध्येही मराठी ठेवा, ते व्यवस्थित चालतं. फक्त कोडमध्ये मराठी अक्षर टाइप करू नका. तीन वाटा आहेत. शीटचं कोडनेम वापरा, एडिटरमध्ये एफ४ दाबलं की सर्वात वर दिसतं, शीट१, शीट२ असं, आणि वापरणाऱ्याने खाली टॅबवरचं नाव बदललं तरी ते बदलत नाही. किंवा शीटची नावं एका सेटिंगच्या शीटवर सेलमध्ये लिहून ठेवा आणि कोडने तिथून वाचा, सेलमधून व्हेरिएबलमध्ये मराठी नीट येतं. अगदीच एखादं अक्षर हवं असेल तर सीएचआरडब्ल्यू, म्हणजे २३०९ दिलं की अ. मेसेज बॉक्समध्ये मात्र तेही दिसणार नाही, संदेश सेलमध्येच लिहा.

---

चहा_हवा :

अवांतर : आमच्या तालुक्याला अजून जुन्या फॉण्टमधल्या फाइली येतात. फॉण्ट बदलला की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या मानाने प्रश्नचिन्हं सभ्य म्हणायची.

---

रोजकीर्द :

दहा शीट्सची सेल-टू-सेल बेरीज सूत्रानेही होते. सभासदांचा क्रम सगळ्या शीट्सवर सारखा असेल तर सम मध्ये पहिल्या शीटचं नाव, कोलन, शेवटच्या शीटचं नाव आणि पुढे डी५. मधल्या सगळ्या शीट्सचा डी५ धरला जातो. नवीन शीट घालायची तर या दोघींच्या मध्ये घाला, बाहेर राहिली की बेरजेतून सुटली.

---

निशिगंध :

ऑफिस ३६५ असेल तर व्हीस्टॅक सुद्धा आहे. तोही असाच पहिल्या शीटपासून शेवटच्या शीटपर्यंत घेतो आणि सगळं एकाखाली एक रचून देतो. शाळेत वर्गवार याद्या मी तशाच एकत्र करते. मधल्या रिकाम्या ओळी शून्य होऊन येतात, त्या फिल्टरने काढाव्या लागतात.

---

सायीचा_थर :

संस्थेत एक्सेल २०१० आहे, त्यामुळे व्हीस्टॅक नाही. आणि रोजकीर्द काका, क्रम सारखा राहत नाही, मध्येच नवीन सभासद येतो. त्यामुळे ॲरेचाच मार्ग घेतो.

एक शंका राहिली. आज ३०० सभासद आहेत. कुणी पाच हजार ओळींवर हेच युनियनचं लूप चालवलं तर?

---

एफ८_एफ८ :

रखडेल. जितके सुटे तुकडे जास्त तितकी पुढची प्रत्येक जोडणी सावकाश होते, कारण नवा सेल आधीच्या तुकड्यांशी जुळतोय का हे त्याला बघावं लागतं. सलग ओळी असतील तर जाणवत नाही, एकाआड एक असतील तर चांगलंच जाणवतं. तशा वेळी पाचशे-हजार तुकडे झाले की तेवढे उरकून खुणा पुन्हा नथिंग करायचा. ओळी काढत असाल तर हे टप्पे खालून वर घ्या, नाहीतर सरकलेल्या ओळींचा घोळ परत येईल. त्याहून बरं म्हणजे शेजारी एक मदतनीस स्तंभ घ्या, काढायच्या ओळींना त्यात १ लिहा, ऑटोफिल्टर लावा आणि दिसणाऱ्या ओळी स्पेशलसेल्सने उचलून काढा. एकही ओळ दिसत नसेल तर स्पेशलसेल्स १००४ देतो, तेवढा एरर आधीच हाताळा.

२०१० आहे हे बरंय. २००७ आणि त्याआधी स्पेशलसेल्स ८१९२ सुट्या तुकड्यांच्या पलीकडे गेला की न बोलता अख्खी रेंजच हातात द्यायचा. त्यावर कुणी डिलीट चालवलं असेल तर काय झालं असेल बघा.

---

रोजकीर्द :

म्हणूनच मी म्हणतो, काढू नका, लपवा. हिडन = ट्रू. प्रत असली म्हणून काय, प्रतीवरून प्रत निघते आणि मग मूळ कुठली यावर संचालक मंडळात भांडण होतं. ओळ लपवली तर छापील बिलात येत नाही आणि लेखापरीक्षकाने मागितली तर दाखवताही येते. सूत्राची बेरीजही बिघडत नाही.

---

एफ८_एफ८ :

इथे मी काकांच्या बाजूने. कोडमध्ये एकच शब्द बदलायचाय, खुणा.एंटायररो पर्यंत सगळं तेच. पुढच्या वेळी मॅक्रोच्या सुरुवातीला सगळ्या ओळी आधी उघडून घ्या, नाहीतर मागच्या बिलात गैरहजर असलेला या वेळी हजर असूनही लपलेलाच राहील.

---

सायीचा_थर :

लपवून बघितलं, छपाई नीट आली. ओळी उघडायची ओळ मॅक्रोच्या अगदी वर टाकली. तिन्ही आकडे, सकाळ, संध्याकाळ आणि एकूण, सूत्राशी जुळतायत. नसतील तर मॅक्रो पुढे जाणार नाही अशी तपासणीही घातली : फॉर ईच ची बेरीज आणि डी३०५ अधिक आय३०५ यांत दखल घेण्याइतका फरक आला की थांब.

आमच्या सचिव काकांनी लगेच विचारलंय की पशुखाद्याची उधारी याच बिलातून वळती करता येईल का. उधारीची वही कागदावर आहे आणि त्यात निम्म्या सभासदांचे क्रमांक नाहीत, नुसती नावं. त्याचा वेगळा धागा काढतो.

---

चहा_हवा :

काढा. त्या धाग्यावर एकाच नावाचे चार पाटील निघतील, मी आत्ताच जागा धरून ठेवतो.